शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचे एक वर्ष

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या चिटणिसांनी ‘काही अनुभवाचे बोला’ अशी आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी विद्वान नाही, आणि वक्ता तर नाहीच नाही. गिरगावातील ज्या शाळेत मी शिकलो, तिच्या माजी विद्यार्थी संघाचा चिटणीस म्हणून गेली काही वर्षे मी कागद सांभाळतो, एवढीच माझी पात्रता. परंतु चिटणीस म्हणाले, “तेच सांगा. संघ चालतो कसा, आणि अडतो कुठे, हे आम्हालाही हवे आहे.” तेव्हा जून २०२४ ते मे २०२५ या एका शालेय वर्षाची हकिगत आपणापुढे ठेवण्याचे मी योजले आहे. शाळेचे नाव मी मुद्दामच घेत नाही. या हकिगतीत चुकांचाही भाग आहे, आणि त्या चुका आम्हा माजी विद्यार्थ्यांच्या आहेत, शाळेच्या नव्हेत.

माझ्या तुकडीविषयी एक शब्द. १९७५ साली जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली अशा दोन तुकड्या एकाच वर्षी शालान्त परीक्षेस बसल्या. मी त्या शेवटच्या अकरावीतला. आमच्यामागून आलेल्या धाकट्यांनी एक वर्ष आधीच शाळा सोडली, हा सल आमच्यातील कित्येकांच्या मनातून अद्याप गेलेला नाही. २०२५ मध्ये आमच्या तुकडीला पन्नास वर्षे पुरी व्हावयाची होती. त्यामुळे या वर्षी संघात उत्साहाला तोटा नव्हता. उत्साह कोठे लागला आणि कोठे लागावयास हवा होता, हेच सांगावयाचे आहे.

लोकांना वाटते की माजी विद्यार्थी संघाचे वर्ष म्हणजे स्नेहसंमेलनाचा एक दिवस. वस्तुतः आमचे वर्ष शाळेबरोबर जूनमध्ये सुरू होते. १५ जून २०२४ रोजी शाळा उघडली, तत्पूर्वीच आमची वह्यांची गाठोडी येऊन पडली होती. अनुदानित शाळांत आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके शासनाकडून विनामूल्य मिळतात. नववी आणि दहावीची पुस्तके मात्र पालकांना विकत घ्यावी लागतात. शिवाय वह्या, गणवेश, दप्तर आणि पावसाळी बूट यांचा खर्च असतोच. ज्या घरी दोन मुले शाळेत आणि मिळवता हात एकच, तेथे जून महिना जड जातो. आमचा नियम असा आहे, की वह्या साऱ्या वर्गाला सारख्या द्यावयाच्या, आणि गणवेश कोणास हवा हे केवळ वर्गशिक्षकांनी ठरवून कापड-दुकानदाराकडे चिठ्ठी पाठवावयाची. मूल स्वतः जाऊन माप देते व कपडे घेऊन येते. कोणाला मदत मिळाली हे वर्गात कोणास कळत नाही. हा नियम आमच्या आधीच्या पिढीने घालून दिला. त्यातील शहाणपण मला त्या वर्षाच्या अखेरीस नीट उमगले.

२१ जुलैला गुरुपौर्णिमा होती, आणि रविवार होता. त्या दिवशी आम्ही तीनचार जण मिळून निवृत्त शिक्षकांच्या घरी जातो. आमचे बहुतेक शिक्षक आता गिरगावात राहत नाहीत. चाळीतील खोलीत मुलांचे संसार मावेनात, तेव्हा कोणी डोंबिवलीस गेले, कोणी बदलापूरला, कोणी विरारला. भर पावसात आम्ही डोंबिवलीस पोहोचलो. गणिताच्या सरांनी वयाची पंच्याऐंशी वर्षे ओलांडली आहेत आणि कानांनी जवळजवळ रजा घेतली आहे. आम्ही नमस्कार केला, नारळ ठेवला. सरांनी आमची, आमच्या मुलाबाळांची चौकशी केली नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, “यंदा पट किती?”

आम्ही आकडा कागदावर लिहून दाखवला. सरांनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. आमच्या वेळी एकेका इयत्तेच्या चार तुकड्या होत्या. आता एकेक तुकडी आहे, आणि तीही भरगच्च नाही. सर पुढे काही बोलले नाहीत. परंतु परत येताना गाडीत आम्हीही फारसे बोललो नाही.

भगिनींनो आणि बंधूंनो, पट हा शब्द ज्यांच्या घरात शिक्षक नाही त्यांना कदाचित किरकोळ वाटेल. त्याचा अर्थ थोडक्यात सांगतो. दरवर्षी ३० सप्टेंबर रोजी हजेरीपटावर जितकी मुले असतील, त्या संख्येवरून शाळेची संचमान्यता होते, म्हणजे शिक्षकांची किती पदे मंजूर हे ठरते. पट घसरला की पद जाते. पद गेले की तो शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत जातो. विषयाचा शिक्षक गेला की पालक आणखी चार मुले काढून घेतात, आणि पुढील ३० सप्टेंबरला पट आणखी खाली येतो. मराठी शाळा एका दिवसात बंद पडत नाही. ती अशी पायरीपायरीने उतरत जाते.

शिवाय आता ज्या मुलाची नोंद आधार क्रमांकाशी जुळते तेच मूल या गणनेत धरले जाते. शाळेच्या दाखल्यात एक नाव, आधारपत्रावर दुसरे. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. आडनावाच्या इंग्रजी अक्षरांत एक अक्षर जास्त. एवढ्यावरून वर्गात समोर बसलेले मूल कागदावर नाहीसे होते. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आमच्या संघाने दुसरे मोठे काम केले नाही. आमच्यातील बँकेतून आणि टपाल खात्यातून निवृत्त झालेली मंडळी पालकांबरोबर आधार केंद्राच्या रांगेत उभी राहिली. ज्या आईला रोजगार बुडवून येणे शक्य नव्हते तिच्यासाठी संध्याकाळची वेळ मागून घेतली. ७ सप्टेंबरला गणपती बसले. ज्या गिरगावात १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत मुंबईचा पहिला सार्वजनिक गणेशोत्सव झाला, त्याच गिरगावात आरत्या चालू असता आमचे खजिनदार मांडीवर नावांची यादी घेऊन खुणा करीत बसले होते. ३० सप्टेंबरला एकाही मुलाची नोंद अडकलेली राहिली नाही, आणि त्या वर्षी एकही पद गेले नाही. या कामाचे छायाचित्र कोणी काढले नाही, आणि आमच्या वार्षिक अहवालात त्यास मीच जेमतेम दोन ओळी दिल्या.

पुढे तीनच दिवसांनी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. आम्हा सर्वांना अभिमान वाटला. शाळेत पेढे वाटले गेले. पण पेढा हातात घेताना डोंबिवलीच्या सरांच्या खिशातील तो कागद मला आठवला, हेही आपणास सांगितले पाहिजे.

दिवाळीनंतर आमची अभ्यासिका सुरू होते. दहा बाय बाराच्या खोलीत आजी आजारी, धाकटे भावंड रडते, आणि दूरचित्रवाणी संच चालू. तेथे दहावीच्या मुलाने भूमितीचे प्रमेय कोठे बसून सोडवावे? म्हणून शाळेचे दोन वर्ग रात्री दहापर्यंत उघडे असतात. कुलपाची किल्ली दररोज एका माजी विद्यार्थ्याकडे असते. त्याने शिकवावयाचे नाही. फक्त हजर राहावयाचे, दिवे-पंखे पाहावयाचे, आणि दहा वाजता मुलींना घरापर्यंत सोबत आहे ना हे पाहून कुलूप लावावयाचे. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते, शाळा मतदान केंद्र झाली होती, म्हणून अभ्यासिका तेवढ्यापुरती बंद ठेवावी लागली. एरवी फेब्रुवारी २०२५ मध्ये परीक्षा सुरू होईपर्यंत ती बंद पडली नाही. हे लिहिण्यास सोपे आहे. पण थंडीच्या रात्री घरी पाहुणे आलेले असताना, किल्ली खिशात आहे म्हणून उठून जाणे किती कठीण असते, ते जो उठला त्यासच ठाऊक.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभा राहिलो तिच्याकडे वळतो.

शाळेचे ग्रंथालय जुने आहे. पुस्तके चांगली, पण कित्येकांची पाठ निखळलेली, पाने सुटी झालेली. जुलैपासून दर शनिवारी दुपारी एक गृहस्थ तेथे येऊन बसू लागले. ते पाने जुड्यांत लावीत, दोऱ्याने शिवीत, घरून आणलेल्या खळीने पुठ्ठा चिकटवीत आणि वर कापडी पाठ बसवीत. खळीला कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालावा लागतो, हे मला त्यांच्याकडूनच कळले. ग्रंथपालबाई एके दिवशी मला म्हणाल्या, “हे तुमच्याच तुकडीचे आहेत. तुम्ही ओळखले नाही का?” मी खरोखर ओळखले नव्हते. तिसऱ्या बाकावर डावीकडे बसणारा, चित्रकलेत पहिला येणारा आमचा वर्गबंधू तो. त्याने जन्मभर एका छापखान्यात पुस्तकबांधणी केली. छापखाना बंद पडल्यावर घरीच थोडेफार काम करू लागला. संघाच्या एकाही संमेलनाला तो आला नव्हता. का, ते मी विचारले नाही. जानेवारीपर्यंत त्याने दोनशेहून अधिक पुस्तके उभी केली. पैसे घेतले नाहीत. दोरा आणि कापडसुद्धा त्याचेच.

२६ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ध्वजवंदन, नंतर सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आमच्या तुकडीचे संमेलन, आणि शेवटी भोजन, असा बेत होता. भोजनाची वर्गणी सातशे रुपये. ग्रंथपालबाईंच्या आग्रहावरून तो आला. मागच्या बाकावर बसला. शाळेच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरी फलक लावावा, त्यावर देणगीदारांची नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने कोरावीत, आणि अमुक एका रकमेखालील नावे घेऊ नयेत, असे कार्यकारी मंडळात ठरले होते. ती यादी मी तयार केली होती, आणि मीच वाचली. नाव, रक्कम, टाळ्या. नाव, रक्कम, टाळ्या. वाचता वाचता माझी नजर मागच्या बाकाकडे गेली, तो माझ्याकडेच पाहत होता. मी नजर खाली वळवली आणि पुढचे नाव वाचले. यादी संपली तेव्हा बाक रिकामा होता. भोजनास तो थांबला नव्हता.

पुढील शनिवारी तो ग्रंथालयात आला नाही; त्यापुढच्याही आला नाही. तेव्हा पत्ता मिळवून मी करी रोडच्या त्याच्या चाळीत गेलो. त्याने चहा केला. मी क्षमा मागू लागलो, की यादीत त्याच्या कामाची नोंद राहून गेली. तो म्हणाला, “अरे, नावाचं काय घेऊन बसलास? पुस्तकं बांधताना मी कुठे नाव घालतो? पण तू वाचताना माझ्याकडे पाहिलंस, आणि मान खाली घातलीस. शाळेत असताना माझी फी थकली की वर्गात नावं वाचायचे, तेव्हा तू अशीच मान खाली घालायचास. मला वाटलं होतं, ते दिवस संपले.”

मंडळी, या वाक्यास माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

फेब्रुवारीच्या सभेत मी ही हकिगत जशीच्या तशी सांगितली. वाद पुष्कळ झाला. एका पक्षाचे म्हणणे, की रक्कम जाहीर केली नाही तर देणगी येत नाही; मनुष्यस्वभाव तसाच आहे. या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. दुसरा पक्ष म्हणाला, गणवेश देताना मुलाचे नाव झाकणारा संघ देणगी घेताना माणसाला रकमेने मोजतो, हे एका घरात दोन कायदे झाले. अखेर बहुमताने ठरले, की फलक लावावयाचा नाही. देणगी देणारे, रात्री किल्ली सांभाळणारे, आधारच्या रांगेत उभे राहणारे, पुस्तके बांधणारे, या सर्वांची नावे वर्षअखेरीस अहवालात एकाच यादीत, वर्णानुक्रमाने, रकमेवाचून छापावयाची. हिशेबाची गोष्ट वेगळी. तेथे रुपयान् रुपयाची पावती हवी, ३१ मार्चला वही बंद व्हावयास हवी, सहा महिन्यांत लेखापरीक्षण होऊन अहवाल धर्मादाय कार्यालयाकडे जावयास हवा. पदाधिकारी बदलले तर नव्वद दिवसांत बदल अर्जही जावयास हवा. हिशेब उघडा असावा. मानाच्या पानावर मात्र तराजू नसावा.

या ठरावाची किंमतही आम्ही मोजली, ती लपवीत नाही. फलकासाठी सर्वांत मोठी रक्कम देऊ केलेल्या एका स्नेह्यांनी ती परत घेतली. त्या पैशांतून अभ्यासिकेचे पंखे आणि नळ-मोरीची दुरुस्ती व्हावयाची होती. ती त्या वर्षी झाली नाही. मे महिन्यात मी हिशेब मिटवला तेव्हा ते रकाने कोरेच होते. ग्रंथालयात मात्र मार्चपासून शनिवार पुन्हा सुरू झाला.

हे सारे आपल्या ज्ञातिसंस्थेच्या संमेलनात का सांगितले, असे आपण विचाराल. शाळेचा संघ आणि ज्ञातीची संस्था ही दोन्ही माणसे जोडणारी घरे आहेत. फरक एवढाच, की येथे आपण जन्माने आलो, तेथे बाकाने. तिसऱ्या बाकावरील माझ्या त्या मित्राची ज्ञात कोणती हे मला पन्नास वर्षांत ठाऊक झाले नाही, आणि शाळेने ते कळण्याची गरजही ठेवली नव्हती.

आपल्याकडील ज्ञातिसंस्थांनी शिक्षणासाठी जे केले ते थोडे नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडले, आणि मग जैन, लिंगायत, मुसलमान, दैवज्ञ, शिंपी, सारस्वत अशी एकेका समाजाची वसतिगृहे त्या नगरात उभी राहिली. खेड्यातील मुलास शहरात पाय ठेवावयास जागा नव्हती, ती या वसतिगृहांनी दिली. त्याच कोल्हापुरात, जैन वसतिगृहात राहून, शिकलेले भाऊराव पाटील पुढे कर्मवीर झाले. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह काढले, की जेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधीत आणि एका पंक्तीस जेवीत. पहिली पायरी नसती तर दुसरी आली नसती, हे मी मानतो. पण पहिल्या पायरीवर बैठक मारून बसावे, असा तिचा हेतू नव्हता.

म्हणून दोन नम्र सूचना करतो. पहिली, आपल्या या स्मरणिकेविषयी. तिच्यात देणगीदारांची नावे रकमेच्या क्रमाने येतात. पुढील वर्षी ती वर्णानुक्रमाने, रकमेवाचून यावीत. आणि जे पंगतीत वाढतात, पत्त्यांची यादी लिहितात, आजारी ज्ञातिबंधूस रुग्णालयात डबा पोहोचवितात, त्यांचीही नावे त्याच पानावर असावीत.

दुसरी सूचना या वास्तूविषयी. खालचे सभागृह लग्नसराईत भाड्याने जाते, तेच संस्थेचे मुख्य उत्पन्न, त्यास हात लावू नये. परंतु माळ्यावरची मोठी खोली जुनी पातेली, मोडक्या खुर्च्या आणि मागील संमेलनांचे फलक यांनी भरलेली आहे. ती रिकामी करून दिवाळीपासून परीक्षेपर्यंत अभ्यासिका म्हणून उघडावी. आणि दारात कोणाही मुलास त्याचे आडनाव विचारू नये. आपली मुले तेथे येतीलच. शेजारच्या चाळीतील मुलेही येतील. जागा कमी पडली तर आपण दुसरा विचार करू. पण ती कमी पडावी, अशीच माझी इच्छा आहे.

किल्ली सांभाळण्यास माणसे लागतील. आठवड्यातील मंगळवार आणि शुक्रवार मी स्वतः घेतो. उरलेले वार आज सभा संपल्यावर चिटणिसांकडे नोंदवावेत.